भिंतीपलीकडची काकी

बसायच्या आधी काकी हात फिरवून पाहायची. पाटावर, बाजेवर, दुसऱ्याच्या घरच्या खुर्चीवर, कुठंही. पाठ वळवायची, अर्धी वाकायची आणि डावा हात मागं नेऊन जागा चाचपायची. खाली मांजर नाही अशी खात्री झाली की मगच अंग सोडायची. घरात मांजरं फार, म्हणून लागलेली सवय. पण ती बाहेरही सुटली नव्हती. ब्रह्मपुरीच्या एसटीत ती सीट चाचपायची आणि शेजारचा माणूस घाईनं सरकून बसायचा. एका लग्नात नवरदेवाच्या मामानं विचारलं, "काय हरवलं वो बाई?"

काकी म्हणाली, "नाई जी. कोनी झोपलं तं नाई, पाहून राह्यली."

मंडपातल्या बाया हसल्या. मामाही हसला. मी जवळच उभी होते. मला हसू आलं नाही. मी तेव्हा मनात म्हटलं, हिला सगळं कसं जमतं.

तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेल. तिच्या दारात चार माणसं नेहमी बसलेली दिसतात, आणि त्यांना तिनं बोलावलेलं नसतं.

आमची भिंत एकच. मूळ घर एक, दोन भावांत वाटणी होऊन मधे मातीची भिंत उभी राहिली. एका बाजूला माझे सासरे, दुसऱ्या बाजूला त्यांचा धाकटा भाऊ. काकी म्हणजे त्या धाकट्याची बायको. तो जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा चंद्रपूरला नोकरीला. वाटणीच्या वेळी भिंत बांधली, पण छप्पर एकच राहिलं. भिंत वर छपराच्या कवेलूंपर्यंत पोचत नाही, हातभर फट आहे. त्या फटीतून तिकडचा धूर इकडे येतो, इकडचा खोकला तिकडे जातो, आणि मांजरं दोन्हीकडे जातात.

तिच्याकडे किती मांजरं होती, हे कोणालाच सांगता आलं नसतं. विचारलं तर म्हणायची, "मोजू नाई. मोजलं का एखादं कमी भरते." आमच्याकडे बिबट अधूनमधून गावात चक्कर मारून जातो. कुत्री, कोंबड्या, मांजरं, काहीही उचलतो. म्हणून ती मोजत नसावी.

गावात ज्याच्या घरी मांजराचा त्रास, तो काकीकडे यायचा. भिंतीच्या अलीकडे बसून मी सगळं ऐकायची.

एकदा एक बाई आली. तिची मांजर रोज अंथरुणावर मुतायची.

"कोनाच्या अंथरुनावर?" काकीनं विचारलं.

"आमच्या ह्यांच्या."

"अन् ते लाथ मारते का तिले?"

बाई नुसती हुंकारली.

"मंग तं बरोबर आहे," काकी म्हणाली. "दाराआड घमेल्यात राख ठेव, तिथी जाईन ते. अन् त्यायले म्हनावं, पाय आवरा."

दुसरी एक सासू आली. सुनेला दिवस गेले होते आणि घरातली मांजर पोत्यात भरून तलावापलीकडे सोडायची असं तिनं ठरवलं होतं. काकीनं तिला बसवलं, चहा दिला. म्हणाली, "मांजरीची घान सुनेनं उचलू नाई, तूच उचल. हात धुवून जेवा. नर्सबाईनंही मले हेच सांगतलं. त्या मुक्या जीवाले फेकते कायले?" त्या सासूनं मांजर फेकली नाही. पुढं नातू झाला तर पेढे काकीला आधी मिळाले. आमचं दार काकीच्या दाराला लागून, तरी आम्हाला दुसऱ्या दिवशी.

कोणाच्या पोरीला ओरखडा आला तर काकी स्वतः तिचा हात साबणानं धुवायची आणि तिला दवाखान्यात सुई द्यायला घेऊन जायची. लोक हळद लावून बसले की रागवायची. धान घरात आलं आणि लोक उंदरांसाठी औषध ठेवू लागले की ती दारोदार फिरायची. "कोन्या दिवशी ठेवता ते सांगा बापा, मी माह्यावाल्या कोंडून ठेवतो." औषध खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला की मांजरही जातं. असं एक तिच्या मांडीवर गेलं होतं. त्याबद्दल ती कधी बोलायची नाही.

हे सगळं चांगलंच होतं, मी नाही म्हणत नाही. पण तुम्ही रोज भिंतीआडून हसणं ऐकत बसा, म्हणजे कळेल.

मला माणसांत बोलता येत नाही. लहानपणापासून असंच. घरी कोणी आलं की मी पाणी ठेवते आणि आत जाते. आतून वाटतं, बाहेर जाऊन दोन शब्द बोलावे. तेवढ्यात ते उठून गेलेले असतात. माझा नवरा चांगला आहे, पण त्याचं बोलणं बैलांशी जास्त. मुलगी लग्न होऊन सिरोंचाकडे गेली. तिथं ती आता तेलुगू बोलते. फोनवर माझ्याशी बोलता बोलता मधेच लेकराला तेलुगूत काही सांगते, तेव्हा मी फोन कानाला धरून बसते.

ती गेली त्या वर्षी मी माहेराहून मांजरीचं पिल्लू आणलं. राखाडी, पोटाला पांढरी. भुरी नाव ठेवलं. मी तिच्याशी बोलायची. तांदूळ निवडताना, भांडी घासताना, लुगडं वाळत घालताना. आज पाणी उशिरा आलं, पाय दुखतो, पोरीचा फोन नाही, असलं सगळं. ती डोळे मिटून ऐकायची. मला एवढंच पाहिजे होतं.

आता एक चूक सांगते. आमच्याकडे पिल्लू आणतात ते पोत्यात घालून, वाटेत पोत्याचं तोंड न उघडता. घरी आणलं की त्याला हातात धरून धानाच्या ढोलीभोवती तीन फेऱ्या मारायच्या. ढोली म्हणजे बांबूची विणलेली, शेणानं लिंपलेली मोठी कणगी. फेऱ्या झाल्या की मांजर त्या घरच्या धानाची राखण करते, घर सोडत नाही, असं मानतात. पण आमची ढोली मधल्या भिंतीला लागून होती. मागून जायला जागा नव्हती. मी विचार केला, ढोली घरातच आहे ना, मग घराभोवतीच फिरवू. पिल्लू पदरात घेतलं आणि बाहेरून तीन फेऱ्या मारल्या.

काकी अंगणात तांदूळ पाखडत होती. मी तिच्या अंगणातून गेले, एकदा, दोनदा, तीनदा. तिनं पाहिलं. तिसऱ्या वेळी म्हणाली, "दमशीन वं." मी खाली मान घालून निघून आले.

महिन्याभरात भुरी भिंतीच्या फटीतून तिकडे जाऊ लागली. सकाळी जायची, भूक लागली की यायची. मी दूध ठेवायची. सुकट भाजून ठेवायची. खायची आणि तोंड पुसत परत जायची. मी आपली बोलत असायची आणि वळून पाहिलं तर जागा रिकामी. पलीकडून काकीचा आवाज यायचा, "आली का तू? बस."

ती तिला काय देते, हे मला पाहायचं होतं. एक दिवस पाटावर उभी राहून फटीतून पाहिलं. काकी लसूण सोलत होती. भुरी तिच्यापासून हातभर दूर बसली होती. काकी तिच्याकडे पाहतही नव्हती. दूध नाही, मासोळी नाही, हात फिरवणं नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. काही दिलं असतं तर मीही तेच दिलं असतं.

नळावर एका बाईनं भुरीची गोष्ट काढली. मी नळाखाली घागर धरून होते, तेवढ्यात दुसरी म्हणाली, "अवो, हिनं तं घराभोवती फिरवलं ना. छप्पर एक, मंग काकीच्या घरालेही फेरे पडले. आता ते मांजर दोघींचं." सगळ्या हसल्या. मी भरली नसलेली घागर उचलून घरी आले.

मला ते पटलं. एवढं पटलं की धान संपत आलं तेव्हा मी ठरवलं, ढोली भिंतीपासून ओढायची आणि पुन्हा नीट फेऱ्या मारायच्या. नवरा शेतावर होता. मी उरलेलं धान पोत्यात भरलं आणि ढोली ढकलू लागले. ती हलेना. लिंपण भिंतीला चिकटलं होतं. धापा टाकण्याचा आवाज पलीकडे गेला असणार. काकी दारात येऊन उभी राहिली.

"काय करून राह्यली?"

"ढोली सरकवायची आहे," मी म्हटलं.

तिनं काऊन, कशासाठी म्हणून विचारलं नाही. पदर खोचला आणि दुसऱ्या बाजूनं लागली. आम्ही दोघींनी मिळून ढोली खोलीच्या मधे आणली. तिच्या गुडघ्याचा त्रास तेव्हाच सुरू झाला होता. ती भिंतीला टेकून दम घेत राहिली. मग तिच्यामागून आलेल्या भुरीकडे पाहून म्हणाली, "घे. आता फिरव तिले."

म्हणजे तिला कळलं होतं. मला जमीन फाटून आत जावंसं वाटलं. तरी मी भुरीला उचललं आणि तिच्यासमोर तीन फेऱ्या मारल्या. काकी गंभीर तोंड करून पाहत होती. तिसरी फेरी संपली. मी भुरीला खाली ठेवलं. तिनं अंग झाडलं, ढोलीवर चढली, तिथून भिंतीवर आणि फटीतून पलीकडे.

आम्ही दोघी त्या फटीकडे पाहत राहिलो.

"तिले काई समजत नाई वं," काकी म्हणाली. "तू मनाले लावून नको घेऊ." आणि लंगडत आपल्या घरी गेली. मला वाटलं, जिंकलेल्या माणसाला असं बोलायला काय जातं.

पुढच्या पावसाळ्यात भुरी गाभण राहिली. मी टोपलीत माझं जुनं मऊ लुगडं टाकून, चुलीजवळ कोरडी जागा करून ठेवली. रोज तिला उचलून टोपलीत बसवायची. ती बसायची, मला वाटायचं आता समजली. धानाची रोवणी सुरू होती, मी दिवसभर शेतातल्या बांधीत चिखलात. संध्याकाळी आले तर टोपली रिकामी आणि पलीकडून बारीक आवाज. काकीची एक लोखंडी पेटी होती, तिच्यात तिचं लग्नाचं लुगडं होतं. पेटी हवा द्यायला उघडी ठेवलेली. भुरीनं त्या लुगड्यावर चार पिल्लं घातली होती.

काकी दारातूनच म्हणाली, "पाह्य ना, माहं लुगडं गेलं." आणि हसली. तिचं लग्नाचं लुगडं खराब झालं होतं आणि ती हसत होती. त्या लुगड्याचाही मला राग आला. माझ्या लुगड्यात काय कमी होतं?

दुसऱ्या दिवशी काकी दुसऱ्याच्या बांधीत रोवायला गेली. मी डोकं दुखतं सांगून घरी राहिले. तिच्या घरात शिरले. पिल्लं पदरात घेतली आणि आणून माझ्या टोपलीत ठेवली. भुरी मागं मागं ओरडत आली. मी शेतावर भाकरी द्यायला गेले, परत आले, तोवर तिनं तोंडात धरून चारही पिल्लं पेटीत नेली होती. मी पुन्हा आणली. यावेळी भिंतीच्या फटीत पोती कोंबली, दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली.

तीन दिवस मी तिला कोंडून ठेवलं. मी आत दूध ठेवायची, ती पीत नव्हती. पिल्लांना पाजायची आणि उठून दाराशी ओरडायची. आवाज बसला तिचा. मी तिच्याशी बोलायचा प्रयत्न केला. पाऊस किती आहे, रोवणी किती राहिली. ती भिंतीकडे तोंड करून बसली.

तिसऱ्या दिवशी काकी आली, मी ओटीवरच होते. कडी तिनं काढली नाही. बंद दाराकडे पाहून म्हणाली, "ते मरन ना वं. कोंडलं काऊन तिले?"

आणि मी बोलले. आयुष्यात कोणाला बोलले नव्हते तेवढं बोलले. "तुमच्याकडे सगळं गाव येते. तुमच्याकडे मांजरी किती, तुमाले ठावूक नाई. मले एकच होती. मी कोनाशी बोलू? तुमी तिले ठेवून घेतलं. काई न देता ठेवून घेतलं."

ओटीवर माझ्या नवऱ्याची खाट होती, काकी ती चाचपून टेकली. मग म्हणाली, "मले वाटे, तुले माहीत आहे."

"काय?"

"मी काई करत नाई, हे. ते येते, बसते. मी तिले बोलावलं नाई कधी. पन हाकललंही नाई. हे खरं आहे."

मी कडी काढली. भुरी आमच्या दोघींच्या पायांतून निघून गेली, काकीच्या दाराकडे. त्या दिवसापासून काकीचं दार बंद दिसू लागलं.

गावातलं दार दिवसा बंद नसतं, तुम्हाला माहीत आहे. माणूस आजारी असेल नाहीतर गावाला गेला असेल तर बंद. काकी घरात होती. फटीतली माझी पोती तिनं तिकडून आणखी घट्ट कोंबली. भुरी दारावर पंजे मारायची, आत काकी गप्प बसायची. एकदा भुरी खिडकीतून आत गेली तर काकीनं तिला खराट्यानं बाहेर काढलं. मी अंगणातून पाहिलं. तिच्या हातातला खराटा जमिनीवर आपटत होता, मांजरीला लागत नव्हता. ओरडणं मात्र मोठं होतं. "जाय. आपल्या घरी जाय."

बाया यायच्या, बंद दार पाहून परत जायच्या. "काकीले काय झालं वो?" मला विचारायच्या. मी पाणी ठेवून आत जायची.

पंधरा दिवसांनी भुरी माझ्याकडे झोपू लागली. पिल्लं टोपलीत वाढली. मी बोलायची, ती डोळे मिटायची. मला पाहिजे होतं ते मिळालं. पलीकडून आवाज येत नव्हता. भांड्याचाही नाही.

दिवाळीनंतर काकीचे गुडघे अगदीच गेले. मुलगा तिला चंद्रपूरला न्यायला आला. जायच्या आधी तिनं एकेक मांजर एकेका घरी दिलं. कोणतं मांजर कोणाला, हे तिनं आधीच ठरवलेलं होतं. जिथं उंदीर जास्त, तिथं धीट मांजर. जिथं म्हातारा एकटा, तिथं आळशी. माझ्या दाराशी आली तेव्हा हात रिकामे होते. भुरी माझ्या ओटीवर बसलेली. काकीनं तिच्याकडे पाहिलं नाही. मला म्हणाली, "तुले मी काई देत नाई. तुही भुरी तुह्यापाशी आहे." आणि मुलाच्या आधारानं गाडीत बसली.

दुसऱ्याच दिवशी दुपारी भुरी तिच्या बंद दाराच्या उंबरठ्यावर जाऊन बसली. कुलूप लावलेल्या दारासमोर. तासभर बसली आणि परत आली. मग रोजच.

काकीचा फोन यायचा, आठ-पंधरा दिवसांनी. तिसऱ्या मजल्यावर घर आहे, खाली उतरता येत नाही, सून चांगली आहे, असं सांगायची. शेवटी विचारायची, "भुरी येते का माह्या दाराशी?"

"नाई," मी म्हणायची. "इथीच राह्यते माह्याजवळ."

"बरं झालं," काकी म्हणायची.

हे सांगताना मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. फोनवर बोलताना समोर भुरी त्या उंबरठ्यावर बसलेली दिसायची आणि मी नाही म्हणायची.

उन्हाळा लागला. आमच्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. एका दुपारी फोन आला. तिचा आवाज बारीक झाला होता, मधे मधे थांबत होती. त्या दिवशी तिनं भुरीचं विचारलं नाही. पाऊस, पाणी, माझी मुलगी, सगळं विचारलं. मी वाट पाहत होते. ती फोन ठेवायला लागली तेव्हा माझ्याच तोंडून निघालं, "काकी, भुरी रोज येते तुमच्या दाराशी. तुमी गेल्यापासून येते."

मला वाटलं, फोन कटला.

मग तिनं विचारलं, "सावलीत बसते का उनात?"

"उनात. उंबरठ्यावर."

"दारावर वलं पोतं टांगजो वं. तिकडून झळ लागते दुपारची."

मी हो म्हटलं.

टांगलं नाही. पोतं टांगलं, सावली झाली, गारवा झाला, तर ती तासाऐवजी दिवसभर तिथंच राहील. हे माझ्या मनात आलं आणि मी रोज उद्यावर टाकत राहिले.

काकीचा फोन पुन्हा आला नाही. वैशाखात तिचा मुलगा एकटाच आला, घर पाहायला. त्यानं टोपी काढली तेव्हा डोक्यावर केस नव्हते, नुकतेच काढलेले. मी त्याला पाणी दिलं. यावेळी आत गेले नाही, दाराशी उभी राहिले. तो कुलूप तपासून शेवटच्या गाडीनं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी धानाचं रिकामं पोतं भिजवलं आणि तिच्या दाराच्या चौकटीला टांगलं. भुरी खाली आडवी झाली, पाय पसरून. आता ती तिथं दुपारभर असते. पोतं घटकाभरात सुकतं, म्हणून मी तांब्या घेऊन जाते.

काल रस्त्यानं एक बाई चालली होती, गावात नवीन लग्न होऊन आलेली. थांबली. "कुलूप लावलेल्या घराले पानी काऊन टाकून राह्यल्या वो?"

"मांजरीसाठी."

"कोनाची आहे ते मांजर?"

"काकीची," मी म्हटलं, आणि पोत्यावर दुसरा तांब्या ओतला.